टोपीखालचं शिबिर

सम्यकच्या डोक्याचा विषय निघाला तो एका फोटोवरून. चौदा एप्रिलला सकाळी नायगावच्या बीडीडी चाळींच्या मैदानात वंदना झाली, आणि मंडळाच्या पोरांनी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली जमलेल्या सगळ्यांचा फोटो काढला. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, निळे झेंडे आणि बरोब्बर मधोमध एक वाटोळी चकाकी. फोटो ग्रुपवर पडला. कुणीतरी त्या चकाकीभोवती लाल गोल काढून खाली लिहिलं, 'दिवसा चंद्र.' त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. सम्यकनेही एक हसरा चेहरा टाकला. मग तो संडासात गेला, आणि बाहेरच्या माणसाने दार वाजवेपर्यंत फोटो मोठा करकरून बघत बसला.

समोरून केस विरळ झालेत हे त्याला माहीत होतं. वरून आपण असे दिसतो हे माहीत नव्हतं. आपल्याला न दिसणारी गोष्ट सगळ्या चाळीला दिसत होती, हे त्याला जास्त लागलं.

कारण दुसऱ्याला न दिसणारं बघणं हा त्याचा धंदा होता. तो एका विमा कंपनीत आजारपणाचे क्लेम तपासायचा. अमुक हॉस्पिटलात चार दिवस ॲडमिट होतो असा कुणाचा अर्ज आला, की सम्यक त्याच्या घरी जायचा, दिलेला चहा घ्यायचा आणि सहज विचारायचा, सकाळी चहा कोण आणून द्यायचं तिथे? बाजूच्या खाटेवर कोण होतं? खोटं बोलणारा माणूस आजाराचं नाव पाठ करून येतो. बाजूच्या खाटेचा विचार त्याने केलेला नसतो. सम्यक कुणावर आवाज चढवायचा नाही. तो नुसता पुढचा प्रश्न विचारायचा.

केस लावून घ्यायचे असं मनात आल्यावर त्याने क्लिनिकं तपासली, तीही अशीच. पहिल्या ठिकाणी डॉक्टर भेटलाच नाही. कोट घातलेल्या एका मुलाने डोक्यावर नजर टाकली आणि आजच बुकिंग केलं तर सवलत आहे म्हणाला. सम्यक पाणी पिऊन उठला. दुसऱ्या ठिकाणी भिंतीवर आधीचे आणि नंतरचे फोटो होते. आधीच्या फोटोत दिवा डोक्यावर आणि मान खाली, नंतरच्या फोटोत दिवा समोरून आणि मान वर. तो तिथूनही उठला. तिसरं क्लिनिक दादरला, साड्यांच्या दुकानाच्या वर. तिथले डॉक्टर हितेंद्र यांनी भिंग लावून डोकं बघितलं आणि सांगितलं, "आत्ता नको. तुमचे अजून गळणार आहेत. सहा महिने औषध घ्या, गळणं थांबलं तर या."

गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस बघून सम्यकला आधी बरं वाटलं. जिना उतरताना मात्र वाटलं, विश्वास बसावा म्हणूनच परत पाठवत असेल. त्याने डॉक्टरचा नोंदणी क्रमांक शोधून काढला. तो खरा होता. औषध घेतलं. गळणं थांबलं. परत गेल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, "केस तुम्ही लावणार की तुमची माणसं?"

"छिद्रं मी पाडणार. केस काढणं माझ्या हातात. बसवायला माझ्याबरोबर दोन मुली असतात, सात वर्षं हेच करतायत. मी खोलीत असतो."

"पूर्ण वेळ?"

"जेवायला जातो," डॉक्टर म्हणाले. "तुम्हीही जेवणार."

हे उत्तर सम्यकला पटलं. जेवायलाही जात नाही म्हणाले असते तर तो आला नसता.

आता अडचण उरली घराची. त्यांची खोली एकच. आई बकुळा आणि तो. बाबा गेल्याला बरीच वर्षं झाली होती. ऑपरेशनआधी डोकं पूर्ण भादरणार, नंतर पुढे खपल्या, मागे लाल ठिपके, कपाळाला सूज. चाळीच्या एका खोलीत हे लपवणं म्हणजे गॅलरीत हत्ती बांधून ठेवण्यासारखं. दहा-बारा दिवस राहायला जागा होती. कॉलेजपासूनचा मित्र अभय काळाचौकीला एकटाच राहायचा, त्याचे आईवडील आता कणकवलीकडे गावीच असायचे. पण परत आल्यावर बोडक्या डोक्याचं काय सांगायचं?

"तिरुपतीला गेलेलो सांग," अभय म्हणाला. लालबागला टपरीवर दोघं चहा पीत उभे होते.

"आमच्या चाळीत? तिरुपती? आई खोलीत घेणार नाही."

"मग टायफॉइड."

"आई डबा घेऊन हॉस्पिटलात येईल. मग तू टायफॉइड काढून दाखव."

"अरे मग खरं सांग ना भावा. केस लावलेत, खून नाही केलास."

आईला खरं सांगणं म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या गॅलरीला सांगणं. त्या लाल गोलाखाली परत हसऱ्या चेहऱ्यांची रांग. आणि आई म्हणणार, बाबांच्या डोक्यावर काय होतं रे, त्यांचं काही अडलं का? चहा संपता संपता त्याला उत्तर सुचलं, आणि ते इतकं चपखल होतं की त्याचा त्यालाच संशय आला. श्रामणेर शिबिर. दहा दिवस विहारात राहायचं, भिक्खूंचं चीवर नेसायचं, डोकं नि मिशी भादरायची, मोबाईल जमा. बाबा गेले होते एकदा. तू कधी जाशील, असं आई त्याला वर्षानुवर्षं विचारत होती.

"खतरनाक आहेस," अभय म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं की आणखी काही, हे सम्यकने तपासलं नाही.

आईला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

"खरंच जातोस?"

"रजा टाकलीय."

"कुठे आहे?"

"संभाजीनगरच्या पुढे. लांब आहे, तू येऊ नकोस भोजनदानाला. भंते म्हणतात घरचे आले की पोरं हळवी होतात."

हे शेवटचं वाक्य त्याने मुद्दाम तयार केलं होतं. आई डोळे पुसत हसली आणि परत लाटू लागली. त्या रात्री तिने बाबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. सम्यकने पाठ फिरवून बॅग भरली.

ऑपरेशनचा दिवस त्याला आठवतो तो आवाजांवरून. आधी मशीनने डोकं भादरलं. मग डॉक्टरांनी मार्करने कपाळावर रेघ ओढली आणि आरसा दिला. रेघ जरा वर आहे, असं सम्यक म्हणाला. "पन्नाशीतही शोभली पाहिजे," डॉक्टर म्हणाले. मग भुलीची इंजेक्शनं. ती दुखतात असं सगळ्यांनी सांगितलं होतं, आणि त्या एका बाबतीत कुणी फसवलं नव्हतं. त्यानंतर तो पालथा, तोंड खाचेत, नजर फरशीवर. त्याला दिसत होते ते फक्त पाय. काळ्या चपला डॉक्टरांच्या. गुलाबी आणि पांढऱ्या त्या मुलींच्या. मागून केस मुळासकट काढण्याची बारीक करकर चालू होती, आणि सम्यक काळ्या चपलांवर नजर ठेवून होता. एकदा त्या दाराकडे गेल्या.

"डॉक्टर?"

"मोबाईल बंद करतोय. आहे मी."

दुपारनंतर त्याला उताणं केलं. मुली एकेक केस बसवताना एकमेकींशी बोलत होत्या. एकीच्या नणंदेचं लग्न होतं आणि तिला पैठणी नको होती. सम्यकला वाटलं, यांचं लक्ष पैठणीत आहे. मग त्याला आठवलं, त्याची आईसुद्धा बोलता बोलताच पोळ्या लाटते, आणि एकही वाकडी होत नाही.

अभयच्या खोलीत तो पलंगावर भिंतीला टेकून, अर्धवट बसल्यासारखा झोपायचा. डोकं कुठेही घासायचं नाही, खाली वाकायचं नाही, दर थोड्या वेळाने सलाइनचा फवारा. तिसऱ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरली. हे होणार, असं सांगितलेलं होतं. तरी त्याने आरशात बघून डॉक्टरांना फोटो पाठवला आणि तो फोटो तारखेसह वेगळा जपून ठेवला. पुढे काही बिघडलं तर पुरावा हवा.

अभय कामावर असताना एकदा शेजारच्या सुभद्राकाकी दार उघडं बघून डोकावल्या. सुजलेले डोळे, भादरलेलं डोकं बघून त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"कोण गेला रे बाबा तुजा?"

सम्यकच्या तोंडून पटकन निघालं, "काका."

काकी आपल्या खोलीत गेल्या आणि वरणभाताचं ताट घेऊन आल्या. "खा. अशा वक्ताक चूल पेटवूची नसता." त्या समोर बसून राहिल्या, म्हणून त्याला खावं लागलं. संध्याकाळी अभयला हे कळलं तेव्हा तो हसून हसून पलंगावरून खाली आला. "आमच्या चाळीत तुझा काका मेला, तुझ्या चाळीत तू भिक्खू झालास. डोकं एकच आहे ना रे?" रात्री त्याने सुरमई तळली.

खपल्या निघाल्या, सूज उतरली. निघायच्या आदल्या दिवशी सम्यक लालबागच्या सलूनमध्ये गेला आणि मिशी काढायला सांगितली. शिबिरात मिशी ठेवत नाहीत. हा तपशील बहुतेक जण विसरले असते.

घरी आईने दारातच त्याला थांबवलं. औक्षण वगैरे त्यांच्यात नव्हतं. तिने हात जोडले. आपल्या मुलाला, दोन्ही हात जोडून. सम्यकने तिचे हात खाली घेतले आणि आत जाऊन पंखा लावला. डोक्यावर सैल टोपी होती. आईने ती काढायला सांगितली तेव्हा म्हणाला, वस्तऱ्याने पुरळ आलंय, धूळ चालत नाही. आईने लगेच मान्य केलं. त्याच्या कामात लगेच मान्य करणारी माणसं क्वचित भेटायची. भेटली तर तो त्यांच्याकडे दोनदा जायचा.

रविवारी आईने विहारात खीर वाटली. बायकांना सांगितलं, सम्यकने शिबिर केलं, बाबांसारखंच. सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे सम्यकने ओठ हलवले, आवाज काढला नाही. बाजूला रामजीमामा बसला होता. तो आपल्याकडेच बघतोय असं सम्यकला वाटलं.

रामजीमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. पोलिसातून रिटायर झालेला, बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन पनवेलला. पलीकडच्या चाळीत तळमजल्याला एकटा राहायचा. उभी, जाड, टोकं वळवलेली मिशी होती. ती मिशी बघून एका चोराने जबाब दिला होता, असं तो स्वतःच सांगायचा. रोज संध्याकाळी तो अक्काकडे चहाला यायचा, बिनसाखरेच्या. शुगर होती, दोन वेळा इन्सुलिन घ्यायचा.

त्या संध्याकाळी मामाने बशी खाली ठेवली आणि विचारलं, "संडास कसे होते रे तिथे? साधे, का कमोड?"

सम्यकच्या हातातला कप तिथेच थांबला. पहिला प्रश्न धम्माबद्दल नाही, भंतेंबद्दल नाही. संडास. हा बाजूच्या खाटेचा प्रश्न होता.

"साधे. एक कमोड होता, तो तुंबलेला," तो म्हणाला. तुंबलेला हे त्याने जाणीवपूर्वक घातलं. फार नीटनेटकं उत्तर संशयास्पद असतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

दुसऱ्या दिवशी मामा म्हणाला, "झोपायला गादी की चटई?" तिसऱ्या दिवशी, "मांडी घालून किती वेळ बसवतात? गुडघ्याचं काय करतात लोक?" मग, "मध्येच कुणाला घरी जायचं झालं तर सोडतात? रागावतात का भंते?" प्रश्न बाजूने यायचे, चहाच्या घोटाबरोबर. उत्तर मिळालं की मामा मान हलवायचा, मिशीला हात लावायचा आणि विषय बदलायचा. सम्यकला ही पद्धत ओळखीची होती. उत्तरं जमा करायची, न रागावता, आणि शेवटी एकदम समोर मांडायची. रात्री अंथरुणावर तो आपण काय काय बोललो ते मनात फिरवून बघायचा, कुठे गाठ सुटी राहिलीय का.

"दुपारनंतर जेवण नसतं ना?" मामाने एकदा विचारलं. "भूक लागत असेल."

"दोन दिवस त्रास होतो. मग शरीर हलकं वाटतं."

"शुगरवाल्यांचं कसं मग?"

हा सापळा असणार. नाही माहीत म्हणालो तर दहा दिवस काय डोळे मिटून होतास, असं होणार. सम्यकने एक माणूस उभा केला. "होते ना एक. अकोल्याचे. तुमच्याच वयाचे. त्यांना पण शुगर होती. पहिल्या दिवशी चक्कर आली, भंतेंनी गुळाचा खडा दिला. मग शेवटपर्यंत काही नाही. उलट शुगर खाली आली त्यांची."

"इन्सुलिन घ्यायचे?"

"हो, बहुतेक."

मामाने मान हलवली. आईने त्याला अजून चहा विचारला, तो नको म्हणाला. जाताना दारात थांबून त्याने सम्यकच्या टोपीकडे बघितलं. "बरं झालं तू गेलास," तो म्हणाला. सम्यकला या वाक्यात टोमणा दिसला. त्या दिवसापासून मामाचा आवाज गॅलरीत ऐकू आला की तो फोनवर बोलत बाहेर पडू लागला.

त्याच सुमाराला लावलेले केस गळायला लागले. सकाळी उशीच्या अभ्र्यावर बारीक काळे ठिपके दिसायचे. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, महिन्याच्या आसपास हे केस पडतात, मुळं आत राहतात, चार महिन्यांनी त्यांतून नवे येतात. सम्यकने फोन केला. डॉक्टर म्हणाले, हेच व्हायला हवं. सम्यकने फोन ठेवला. माल पोचवायचा, तो परत न्यायचा आणि चार महिन्यांनी येईल म्हणायचं. असं सांगणाऱ्या एखाद्या क्लेमवाल्याला त्याने काय केलं असतं? पण इथे तपासायला काही नव्हतं. मुळं कातडीखाली होती.

एका संध्याकाळी तो आला तेव्हा आई डब्यात चिवडा भरत होती. मामासाठी.

"कुठे चाललाय मामा?"

"तुला सांगितलं नाही? उद्या शिबिराला जातोय. कल्याणच्या पुढे आहे कुठेतरी. मला म्हणाला, सम्यकने केलं तर मी का नाही. मी म्हटलं अरे चिवडा खाता येत नाही तिथे संध्याकाळी. म्हणाला वाटेत खाईन."

सम्यक उभाच राहिला. पहिला विचार आला तो हाच, की मामा आता जाळं ओढतोय. अक्काच्या तोंडून निरोप पाठवायचा आणि भाचा धावत येऊन काय कबूल करतो ते बघायचं. पोलिसांची जुनी खेळी. दुसरा विचार आला तो इन्सुलिनचा. रात्रीचं इन्सुलिन, पोट रिकामं, आणि सकाळी माणूस उठत नाही. असा एक क्लेम त्याने स्वतः तपासला होता. तो खरा निघाला होता. मंजूर झाला होता, बायकोच्या नावाने.

तो चप्पल घालून खाली उतरला. मैदान ओलांडताना स्वतःला सांगत होता, नुसतं बघायचं. बॅग खरंच भरलीय का, बघायचं.

मामाचं दार उघडं होतं. खाटेवर पांढरे कपडे, पंचा, टॉर्च. मामा पाठमोरा उभा राहून बॅगेची चेन ओढत होता. सम्यकच्या चाहुलीने तो वळला.

त्याची मिशी नव्हती.

वरचा ओठ फिकट, लांबट आणि उघडा पडला होता. मामा एकदम कुणीतरी दुसराच, आईसारखा दिसत होता. खेळी म्हणून माणूस बॅग भरेल, तिकीटसुद्धा काढेल. ती मिशी कुणी खेळी म्हणून काढणार नाही.

"ये," मामा म्हणाला आणि ओठावर हात ठेवला. "तिथे चारचौघांत काढताना उगाच डोळ्यात पाणी यायचं. म्हणून घरीच काढली."

"मामा, इन्सुलिनचं काय करणार?"

"घेतलंय बरोबर. सकाळ-रात्र, नेहमीसारखं."

"रात्री जेवणार नाही तुम्ही."

"तो अकोलेवाला जेवत होता का? तूच म्हणालास, गुळाचा खडा. मी पाव किलो घेतलाय." मामाने बॅगेवर थोपटलं. "तिथल्या लोकांना शुगरचं बोललो नाही. म्हाताऱ्याला घेत नाहीत मग. तू काही बोलू नकोस."

सम्यकने टोपी काढली आणि ट्यूबलाइटखाली मान वाकवली.

"मी शिबिराला गेलोच नव्हतो."

मग मामाने खिशातून चष्मा काढल्याचा आवाज आला. सम्यक वाकलेल्या मानेनेच बोलत राहिला. मागचे केस काढून पुढे लावलेत. दादरला. मग अभयकडे राहिलो, काळाचौकीला. दुपारनंतर भूक लागत नाही हे कुठेतरी वाचलं होतं. तिकडे मी रोज रात्री मासे खात होतो.

"आणि तो अकोल्याचा?"

"नव्हताच कुणी."

"शुगरवाला होता म्हणालास."

"मामा, कुणीच नव्हता."

मामाचं बोट त्याच्या डोक्याजवळ आलं, पण टेकलं नाही. "केवढं टोचलंय रे," तो म्हणाला. मग खाटेच्या कडेला बसला. पांढरे कपडे त्याने बाजूला सरकवले.

"मला वाटलं तुम्ही मला तपासताय," सम्यक म्हणाला. "संडास, चटई. मला वाटलं तुम्हाला कळलंय."

"तुला कशाला तपासू? मला कमोड लागतो. गुडघे वळत नाहीत." मामाने चष्मा काढला. "बाहेर कुणाला विचारणार? एवढा पोलीस गडी आणि विचारतोय, भूक लागली तर काय करू. घरचा पोरगा जाऊन आला, म्हणून तुला विचारलं. आयुष्यभर लोकांचं खोटं पकडलं मी. तुझ्या बाबतीत तसं बघितलंच नाही."

सम्यकने आयोजकांचा नंबर मागितला, आणि मामाने फोन लावून पुढे केला. पलीकडून एका शांत आवाजाने सांगितलं, आजाऱ्यासाठी सोय असते, पण डॉक्टरला विचारून या, चिठ्ठी आणा, उद्या नको. पुढच्या वेळी नक्की.

"पुढच्या वेळी," मामा म्हणाला. तो ओठावरून हात फिरवत होता. "हिला महिना लागेल. तुझ्यांना?"

"चार. आले तर."

"अक्काला तू सांगतोस की मी?"

"मी."

आई चिवड्याचा डबा घेऊन मामाकडे यायला निघाली होती, ती त्याला जिन्यातच भेटली. त्याने तिला परत वर नेलं आणि दार लावून सगळं सांगितलं. तिने मध्ये काही विचारलं नाही. शेवटी म्हणाली, "मी विहारात खीर वाटली."

"हो."

"तू खाल्लीस."

"हो."

ती उठली आणि चिवडा परत बरणीत ओतायला लागली. डबा रिकामा झाल्यावरही थोडा वेळ तो उलटा धरून उभी होती.

रविवारी ती एकटीच विहारात गेली. काय बोलली ते सम्यकला शेजारणीकडून कळलं. वंदना झाल्यावर उभी राहिली आणि म्हणाली, मुलगा शिबिराला गेला होता असं मी सांगितलं ते खरं नव्हतं, माझ्या तोंडून खोटं गेलं. मुलाने सांगितलं, असं ती म्हणाली नाही. केसांबद्दलही काही नाही. ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. सम्यकने दिवसभरात कितीतरी वेळा बघितलं.

सोमवारी तो निघाला तेव्हा तिने विचारलं, "कुठे?"

"परळला. क्लेम आहे, हॉस्पिटलात जायचंय."

"कुठल्या?"

त्याने नाव सांगितलं. आजवर तिने कधी नाव विचारलं नव्हतं. काम आहे म्हटलं की तिला पुरायचं.

दुपारी तो हॉस्पिटलच्या दारात सिक्युरिटीच्या टेबलापाशी वहीत सही करत होता, तेव्हा तिचा फोन आला.

"कुठे आहेस?"

"परळला. सांगितलं ना."

"कुणाशी तरी बोलायला दे."

"आई, इथे कोण..."

"कुणीही असेल तिथे. त्याला दे."

त्याने फोन सिक्युरिटीच्या माणसापुढे धरला. माणसाने गोंधळून तो कानाला लावला. "हां आजी. हो, हॉस्पिटलच. परळ. हो, समोरच उभे आहेत." मग त्याने सम्यककडे वर-खाली बघितलं. "टोपी घातलीय. निळी." मग ऐकलं, आणि फोन कानापासून जरा लांब धरून म्हणाला, "साहेब, टोपी काढायला सांगतायत."

मागे तिघंचौघं सही करायला थांबले होते. सम्यकने टोपी काढली.

सिक्युरिटीचा माणूस टेबलावरून वाकून बघू लागला. त्याने घाई केली नाही.

"नाही, आजी," तो फोनमध्ये म्हणाला. "पुढे अजून काही नाही आलेलं."